पुसी रायट: मिनिटभराचं गाणं आणि दोन वर्षांची शिक्षा

21 फेब्रुवारी 2012. मॉस्कोमधल्या क्राइस्ट द सेव्हियर या भव्य चर्चमध्ये भडक रंगांचे कपडे आणि माकडटोप्या घातलेल्या पाच तरुणी शिरल्या. वेदीसमोर जाऊन त्या नाचू-गाऊ लागल्या. मिनिटभरातच रक्षकांनी त्यांना बाहेर काढलं. सहा महिन्यांनी त्यातल्या तिघींना प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा झाली.

या तरुणी कोण होत्या?
पुसी रायट हा 2011 मध्ये सुरू झालेला स्त्रीवादी पंक गट. ना तिकिटं, ना स्टेज. अचानक सार्वजनिक ठिकाणी यायचं, गायचं आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा, अशी त्यांची पद्धत. जानेवारी 2012 मध्ये त्यांनी थेट रेड स्क्वेअरवर पुतिनविरोधी गाणं म्हटलं होतं.

चर्चच का निवडलं?
4 मार्चला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि पुतिन पुन्हा उमेदवार होते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी पुतिन यांच्या कारकिर्दीची जाहीर स्तुती केली होती. चर्च आणि सत्तेच्या या जवळिकीवरच गाण्यात टीका होती. पुतिनपासून सुटका कर, असं साकडं त्यात मदर मेरीला घातलं होतं. शब्द बोचरे होते, काही शिवराळही.

खटला कशाचा झाला?
नादेझ्दा तोलोकोनिकोवा, मारिया अल्योखिना आणि येकातेरिना सामुत्सेविच यांना मार्चमध्ये अटक झाली. पहिल्या दोघींची मुलं तेव्हा लहान होती. आरोप होता 'धार्मिक द्वेषातून केलेल्या गुंडगिरीचा'. आमचा विरोध श्रद्धेला नाही, राजकारणाला आहे, असं तिघींचं म्हणणं होतं.

धार्मिक द्वेष होता का, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांचे तीन अहवाल मागवण्यात आले. पहिल्या दोन अहवालांत द्वेष आढळला नाही, तिसऱ्यात आढळला. न्यायालयाने तिसरा ग्राह्य धरला. स्त्रीवादी असणं गुन्हा नसला, तरी तो विचार ऑर्थोडॉक्स धर्माशी जुळत नाही, असंही निकालात नोंदवलं गेलं. 17 ऑगस्टला तिघी दोषी ठरल्या.

पुढे काय झालं?
रक्षकांनी सामुत्सेविचला गिटार काढण्याआधीच अडवलं होतं. त्या मुद्द्यावर ऑक्टोबरमध्ये अपिलात तिची शिक्षा स्थगित होऊन ती सुटली. इतर दोघींची रवानगी दूरच्या श्रम-वसाहतींत झाली. मोर्दोव्हियातल्या वसाहतीत कैदी स्त्रियांना दिवसाला 16-17 तास शिवणकाम करावं लागतं, असा आरोप करत तोलोकोनिकोवाने सप्टेंबर 2013 मध्ये उपोषण केलं. सोची ऑलिंपिकच्या तोंडावर, 23 डिसेंबर 2013 रोजी, माफी कायद्याखाली दोघी सुटल्या. तेव्हा शिक्षेचे दोन-तीन महिनेच उरले होते.

2013 मध्येच रशियाने आणखी एक पाऊल उचललं. श्रद्धाळूंच्या भावना दुखावणं हा फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

युरोपीय न्यायालय काय म्हणालं?
जुलै 2018 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला दोषी धरलं. चर्चमधल्या वर्तनाचे नियम मोडल्याबद्दल काही कारवाई समजण्यासारखी होती, पण तुरुंगवास अवाजवी होता, असं न्यायालयाने म्हटलं. सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण पुढचं होतं. रशियन न्यायालयांनी गाण्याचे शब्द तपासलेच नव्हते. शिक्षा प्रामुख्याने कपडे, माकडटोप्या, हातवारे आणि शिवराळ भाषा यांवर बेतलेली होती.

म्हणजे ज्या राजकीय मुद्द्यासाठी गाणं रचलं, त्याची न्यायालयात चर्चाच झाली नाही. टीका सत्तेवर आणि खटला श्रद्धेच्या अपमानाचा, असं झालं की बचाव अवघड होतो. कारण मग लोक गाण्यात काय म्हटलंय हे विचारत नाहीत, ते कुठे म्हटलं हेच विचारतात.