फुगलेली फळी

दिवाळीच्या आवराआवरीत मोरीशेजारचे कपाट पुढे ओढले, तो त्याच्या खालच्या फळीची कड पावासारखी फुगलेली! आमच्या जुन्या घराचा सागवानी दरवाजाही पावसाळ्यात फुगून अडे. पण दसरा उलटला की बिचारा पुन्हा चौकटीत निमूट बसे. ही फळी मात्र खडखडीत वाळली तरी पूर्वपदावर येईना. हे असे का, म्हणून मी तिच्या कुळाचा शोध घेऊ लागलो.

हे कूळ फार जुने नव्हे. भुसा आणि रक्तातला सरस एकत्र तापवून दाबला तर त्याच्या फळ्या होतील, अशी कल्पना जर्मनीत १८८७ साली अर्न्स्ट हुबार्ड यांनी मांडली. तिला व्यवहारात आणले ते माक्स हिमेलहेबर यांनी. झाडाचा केवढा तरी भाग ढलप्या आणि भुशाच्या रूपाने वाया जातो, हे त्यांना सलत होते. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी चिकाटीने प्रयोग केले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रेमेनच्या कारखान्यातून असल्या फळ्या बाहेर पडू लागल्या. ढलप्या वाळवायच्या, त्यांवर कृत्रिम राळ फवारायची आणि तापलेल्या यंत्रात दाबायच्या, एवढीच ती कृती!

पण खरी गंमत या दाबण्यातच आहे. लाकूड म्हणजे पोकळ नळ्यांची मोळी. उष्णता आणि ओल यांनी त्या नळ्या मऊ होतात, दाबाखाली चपट्या होतात आणि राळ त्यांना तशाच जखडून ठेवते. पुढे फळीत पाणी शिरले की दोन गोष्टी घडतात. नळ्यांच्या भिंती पाणी पिऊन फुगतात. हे फुगणे दरवाजासारखेच, वाळले की ओसरते. पण त्याच वेळी चपट्या नळ्याही, दोर सुटलेल्या वळकटीसारख्या, आपल्या मूळ आकाराकडे उसळतात. राळेचे सांधे तुटतात, ढलप्यांमध्ये फटी पडतात. हे दुसरे फुगणे पाणी आटले तरी जात नाही. कापलेल्या कडेला ढलप्या उघड्याच असल्यामुळे पाणी तिथूनच आत शिरते.

मी फळीला नावे ठेवायला तोंड उघडले आणि मिटले. वाया जाणाऱ्या ढलप्यांचे सोने करणाऱ्या त्या माणसाचा यात काय दोष? दर रविवारी बादलीभर पाणी ओतून तिथली फरशी मीच धूत होतो ना! आता नवी फळी आणली आहे. चारही कडा नीट बंद करून, खाली चार बोटे उंचीचे पाय लावून. आणि बादली? ती सौभाग्यवतींनी माझ्या हातून कधीच काढून घेतली आहे.