पांढरा पक्षी आणि प्रकाशाचे माप

पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगांची वाढती लांबी आणि शटरचा वाढता वेग यांच्या आधारे सांगितला जातो. एक्स्पोजरची विद्या, म्हणजे काचेवर, फिल्मवर किंवा संवेदकावर किती प्रकाश किती वेळ पडू द्यायचा हे ठरवण्याची विद्या, त्यांच्याइतकीच निर्णायक असूनही तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. साधने सुधारत गेली तसतसे एक्स्पोजर सोपे होत गेले, हा समज तर पूर्ण खरा नाही. निदान पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत एका मोठ्या सुधारणेनेच नवी अडचण उभी केली.

१८८४ मध्ये ओटोमार आन्शुट्झ या जर्मन छायाचित्रकाराने करकोच्यांची जी छायाचित्रे घेतली आणि १८९५ मध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरचे जे सचित्र पुस्तक सिद्ध केले, ती कामे जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचांच्या काळातली आहेत. त्या काळच्या साध्या काचांना निळा व जांभळा प्रकाश चटकन कळत असे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक उमटे, तर तांबूस छातीचा पक्षी डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी काळा येई. डोळ्यांना जाणवणारा उजेड आणि काचेला कळणारा उजेड वेगवेगळा असल्याने केवळ नजरेचा अंदाज पुरेसा ठरत नसे.

या अंदाजाला शास्त्राचा पाया दिला तो फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी. पडलेला प्रकाश आणि काचेवर उमटणारा काळेपणा यांचे नाते त्यांनी १८९० मध्ये एका वक्ररेषेने दाखवले. या रेषेचा मधला भाग सरळ चढतो, म्हणजे तेथे प्रकाशातला प्रत्येक फरक चित्रात उतरतो. दोन्ही टोकांना मात्र ती आडवी होते आणि तेथे तपशील नाहीसे होतात. बगळ्याचे पीस वरच्या टोकापाशी असते आणि कावळ्याचा पंख खालच्या, हीच पक्ष्यांचे छायाचित्र घेणाऱ्याची कायमची अडचण आहे.

त्याच सुमारास हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी प्रकाशमापक बाजारात आणला. पुढे प्राचीन वाटांविषयीच्या सिद्धांतामुळे गाजलेले वॉटकिन्स ते हेच. त्यांचा ‘बी मीटर’ खिशातल्या घड्याळाएवढा आणि तसाच गोल होता. त्याच्या छोट्या खिडकीत प्रकाशाने काळवंडणारा कागद असे आणि शेजारी एक ठरावीक छटा रंगवलेली असे. कागद त्या छटेइतका काळवंडायला किती सेकंद लागले ते मोजायचे, मग तबकडीवर काचेची संवेदनक्षमता आणि भिंगाच्या छिद्राचा क्रमांक जुळवून शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते वाचायचे, अशी त्याची रीत होती. घरट्याजवळच्या दाट सावलीत हा कागद रंगायला फार वेळ घेई. तरीही या मंद साधनात एक गुण होता, आणि तो फार मोलाचा होता: ते पक्ष्यावर पडणारा प्रकाश मोजत असे. पक्षी पांढरा की काळा, याच्याशी त्या कागदाला काही कर्तव्य नव्हते.

१९३२ मध्ये वेस्टन कंपनीचा विद्युत-प्रकाशमापक आला आणि मोजणी क्षणात होऊ लागली. मात्र हा मापक सामान्यतः दृश्याकडे रोखून वापरला जाई, म्हणजे तो दृश्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश मोजत असे. समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे त्यात गृहीत होते. शुभ्र बगळ्याने चौकट भरली की मापक उजेड फार आहे असे समजून प्रकाश कमी करायला सांगे आणि बगळा मळकट उमटे. उलट ढगाळ आकाशापुढचा काळा पक्षी निव्वळ छाया होऊन बसे. कॅमेऱ्याच्या आत मापक बसवले गेल्यावरही हे गृहीतक सुटले नाही.

म्हणूनच रंगीत पारदर्शिकांच्या काळात जाणकारांचा विश्वास मापकापेक्षा एका जुन्या नियमावर अधिक होता. स्वच्छ उन्हात छिद्र १६ क्रमांकाचे ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेएवढा घ्यावा, असा तो नियम. १९७४ मध्ये आलेल्या ६४ क्षमतेच्या कोडाक्रोम फिल्मवर याचा अर्थ १६ क्रमांकाला १/६० सेकंद, म्हणजेच ५.६ ला १/५०० सेकंद असा होई. पक्षी पांढरा असेल तर छिद्र एक टप्पा लहान करून, म्हणजे प्रकाश निम्मा करून, ८ वर आणायचे, कारण पारदर्शिकेत करपलेले पांढरे पीस कोणत्याही उपायाने परत मिळत नसे. उन्हाचे मोजमाप नियमाने होई आणि पिसाऱ्याचे पारखी नजरेने; ही विभागणी मापकाच्या काट्यापेक्षा शहाणी होती, असेच म्हणावे लागते.

१९८३ च्या निकॉन एफए कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा प्रकाश वेगळा मोजला आणि १९९६ च्या एफ५ ने त्यात रंगाचीही दखल घेतली. डिजिटल कॅमेऱ्यांनी त्यापुढे जाऊन हिस्टोग्राम दिला, म्हणजे चित्रात गडद, मध्यम आणि उजळ बिंदू किती आहेत हे दाखवणारा आलेख. बारा बिटांच्या संवेदकाच्या ४०९६ पायऱ्यांपैकी २०४८ पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ टप्प्याच्या वाट्याला येतात, त्याखालच्या टप्प्याला १०२४, आणि असेच निम्मे निम्मे होत जाते. त्यामुळे उजळ पिसे करपू न देता आलेख शक्य तितका उजवीकडे नेण्याची पद्धत रूढ झाली. यातही एक खाच आहे. ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या गुलाबी पंखांवर सकाळचे ऊन पडते, तेव्हा एकत्रित आलेख सुरक्षित दिसत असतानाच लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकलेला असू शकतो आणि पंखांतले तपशील सपाट गुलाबी पट्ट्यात हरवतात; म्हणून या पक्ष्यासाठी तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावे लागतात आणि त्यातही नजर आधी लाल आलेखावर ठेवावी लागते.