चित्र आणि मजकूर कसा वाचावा? आपल्या चळवळीतील उदाहरणांसह एक ओळख

बाबासाहेबांचे एखादे चित्र फोनवर येते. कोणी म्हणते हा अपमान आहे, कोणी म्हणते हा गौरव आहे. चित्रात नेमके काय आहे हे पाहण्याआधीच ते दहा गटांत पुढे गेलेले असते. कधी त्यातून मोर्चा निघतो, कधी तरुणांवर गुन्हे दाखल होतात आणि पुढची अनेक वर्षे कोर्टाच्या तारखांत जातात. म्हणून मजकूर आणि चित्र वाचण्याची पद्धत फक्त परीक्षेपुरती शिकण्याची गोष्ट राहिलेली नाही. विहारातील वाचनवर्ग, अभ्यासिका आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना उपयोगी पडावी अशी ही ओळख आहे.

वाचनाच्या चार पायऱ्या

१) वर्णन: समोर जे आहे तेवढेच सांगावे. मत अजून देऊ नये.
२) तंत्र: ते कसे मांडले आहे? शब्द, रंग, आकार, जागा, कोण मोठे, कोण लहान, कोण बोलते आणि कोण गप्प आहे?
३) संदर्भ: कोणी, केव्हा, कोणासाठी केले? आज ते कोणासमोर आले आहे?
४) निवाडा: वरील तीन गोष्टींच्या आधारे आपले मत.

आपली बहुतेक भांडणे पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारल्यामुळे होतात.

मजकुरातील तंत्रे

*विरोधाभास.* ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. नायक म्हणजे पुढे होऊन बोलणारा, आणि तो मूक. दोन न जुळणारे शब्द शेजारी ठेवले की वाचक थांबतो आणि विचारतो, हा मुका का? कोणी केला? ३ एप्रिल १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ हे नावही तसेच आहे. देश ज्यांचा आहे तेच देशाबाहेर ठेवलेले, ही सगळी तक्रार दोन शब्दांत मावली आहे.

*संदर्भ देणे.* ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचा अभंग असे, तर ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या असत. वारकरी परंपरा मानणारा मराठी वाचक ते शब्द नाकारू शकत नव्हता. त्याच्याच ओळखीच्या शब्दांतून त्याला प्रश्न विचारला जात होता.

*निवेदक.* दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच माणूस आहेत. एक वस्तीत वाढलेला, दुसरा शिकून पांढरपेशा झालेला. शिक्षणाने आलेले हे दुभंगलेपण लेखकाने वेगळे समजावून सांगितले नाही, निवेदनाच्या रचनेतच ठेवले. म्हणून ‘लेखक काय म्हणतो’ यासोबत ‘कोणाच्या तोंडून म्हणतो’ हेही विचारावे.

*शब्दांची निवड.* नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) भाषेला अनेकांनी शिवराळ म्हटले. मुंबईच्या कामाठीपुरा परिसरातले जगणे प्रमाण भाषेत लिहिले असते, तर ते सुसह्य वाटले असते. वाचकाला ते सुसह्य वाटू नये, हाच त्या शब्दनिवडीचा हेतू होता.

चित्रातील तंत्रे

*प्रतीक.* सांचीच्या सुरुवातीच्या शिल्पांत तथागतांची मानवी मूर्ती नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे आणि रिकामे आसन यांवरून त्यांची उपस्थिती कळते. जे दाखवले नाही तेही वाचावे लागते, हा पहिला धडा इथे मिळतो.

*कोणी करवून घेतले.* सांचीच्या दानलेखांत भोगवर्धन या गावच्या दात्यांची नावे आहेत. भोगवर्धन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन. इथल्या उपासक-उपासिकांचे दान तिथल्या दगडात कोरलेले आहे. राजांच्या नावावर सांगितला जाणारा कलेचा इतिहास या छोट्या लेखांमुळे सामान्य माणसांचाही होतो. चित्राखाली काय लिहिले आहे आणि खर्च कोणी केला, हे पाहिल्याशिवाय वाचन पुरे होत नाही.

*प्रमाण आणि रचना.* अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेणीत महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. पहुडलेले बुद्ध प्रचंड मोठे, खाली शोक करणारे अनुयायी लहान, वर आकाशातील गण. भव्य आकृतीच्या चेहऱ्यावर शांतता आणि छोट्या आकृतींत दुःख. एकाच घटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शिल्पकाराने वर-खाली मांडल्या आहेत.

*वेशभूषा आणि हावभाव.* गावोगावी दिसणारा बाबासाहेबांचा पुतळा पाहा. कोट, टाय, चष्मा, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट उंचावलेले. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्यावरून मार खावा लागला, त्याच्यासाठी तो कोट हे विधान आहे. हातात शस्त्र नाही, पुस्तक आहे. बोटाचा अर्थ कोणी ‘संसदेकडे जा’ असा लावतो, कोणी ‘पुढे चला’ असा, तर कोणी शिक्षकाची ताकीद असा. हे तिन्ही अर्थ पुतळ्यात बसतात. चौथरा उंच असल्याने आपण मान वर करून पाहतो. अनेक ठिकाणी भोवती लोखंडी जाळी असते. शिल्पकाराने ती केलेली नाही, पण आज ती त्या दृश्याचा भाग आहे आणि विटंबनेची भीती सांगते.

एक कठीण उदाहरण: २०१२ चे व्यंगचित्र

शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले एक व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने ते मागे घेण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

चार पायऱ्यांनी ते वाचू.

वर्णन: राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. पाठीमागे बघ्यांची गर्दी.

तंत्र: गोगलगाय हे संथपणाचे रूपक, आणि रूपकात अतिशयोक्ती. मुख्य अडचण रचनेत आहे. बाबासाहेब चाबूक आणि गोगलगाय यांच्या मध्ये येतात. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर, हे चित्र स्पष्ट करत नाही.

संदर्भ: १९४९ च्या वाचकासमोर घटनेला उशीर होत असल्याची चर्चा होती. त्या टीकेला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात उत्तर दिले. इतर देशांच्या घटनांशी तुलना केली आणि आपल्या संविधान सभेने २४७३ दुरुस्त्या हाताळल्याचे सांगितले. पाठ्यपुस्तकातही चित्राखाली ‘एवढा वेळ का लागला असेल’ असा प्रश्न होता. पण वर्गात बसलेल्या मुलांत ज्यांच्या आजोबांनी खरा चाबूक पाहिला अशीही मुले होती. पाहणारा बदलला की चित्रातील चाबकाचे वजन बदलते.

निवाडा: माझ्या मते आक्षेप रास्त होता, आणि तो रचनेच्या आधारे मांडला तेव्हाच सर्वांत भक्कम होता. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर चर्चा थांबते, कारण समोरचाही तेच म्हणू शकतो. ‘चाबकाची दिशा पाहा, मध्ये कोण आहे पाहा, आणि उशिराचे खरे कारण चित्रात कुठे आहे ते दाखवा’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. कार्यालय फोडल्याने मात्र चर्चा चाबकावरून तोडफोडीवर गेली.

दुसरी बाजूही आपलीच

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम-कृष्णावरील प्रकरणाने भावना दुखावल्या म्हणून ते वगळा, अशी मागणी झाली. तेव्हा आपला समाज लाखोंच्या संख्येने मुंबईत रस्त्यावर उतरला. ते प्रकरण राहिले, शासन त्यातील मतांशी सहमत आहेच असे नाही अशा टिपेसह. त्या वेळी आपण म्हणत होतो, आधी वाचा, पुरावा तपासा, मग उत्तर द्या. तोच नियम आपल्याला न आवडणाऱ्या मजकुरालाही लावावा लागेल. कालाम सुत्तातील उपदेशही असाच आहे: ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका.

फोनवर आलेले चित्र पुढे पाठवण्यापूर्वी

- चित्र पूर्ण आहे की कापलेले? चौकटीबाहेर काय असू शकते?
- बाबासाहेबांच्या नावे वाक्य असेल, तर ग्रंथाचे नाव किंवा भाषणाची तारीख दिली आहे का? नसेल तर पुढे पाठवू नये.
- चित्र जुने आणि मजकूर नवा, असे जोडले आहे का?
- पाहताच राग आला, तर तो कोणत्या तंत्रामुळे आला? रंग, शब्द, चेहरा की जागा?
- हे पसरल्याने कोणाचा फायदा होतो?
- तक्रार करायची असेल, तर वरील उत्तरे लिहून काढा. पोलीस ठाण्यात किंवा तहसीलमध्ये द्यायच्या निवेदनाचा अर्धा मसुदा तिथेच तयार होतो.

विहारात दर रविवारी एक चित्र किंवा एक उतारा घ्यावा. पहिली दहा मिनिटे फक्त वर्णन करावे, कोणीही मत द्यायचे नाही. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमते.

जय भीम, नमो बुद्धाय.