गेलुसाइट: लोणारच्या गाळातलं खनिज आणि वर्गीकरणाचा इतिहास

परीक्षेची तयारी करताना खनिजांचं वर्गीकरण हा भाग आपण पाठांतराचा समजतो. तक्ता पाठ केला, दोन मार्क मिळाले, विषय संपला. संशोधनात मात्र आपण नमुना कोणत्या गटात टाकतो, यावर पुढचा निष्कर्ष ठरतो. आज एका दुर्मिळ कार्बोनेट खनिजाच्या इतिहासातून हे बघू.

आधी सोपं उदाहरण. पंढरपूरच्या आसपास काळ्या रानात नांगरट केली की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ते फसफसतात, म्हणजे कार्बोनेट आहे हे कळतं. ते खडे मुख्यतः कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. पण फसफसणारा प्रत्येक पांढरा पदार्थ कॅल्साइट नसतो. सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असलेलं दुहेरी कार्बोनेटही तसंच फसफसतं. गेलुसाइट हे त्यातलंच एक. ते तयार व्हायला कोंडलेलं, खूप अल्कधर्मी पाणी लागतं, आणि असं पाणी आपल्या राज्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. ते उल्कापातानं झालं, हे १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं पक्कं केलं. सरोवरात झरे आणि ओढे येतात, पण बाहेर जाणारा प्रवाह नाही. पाणी जातं ते वाफ होऊन, क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो.

या क्षारांचं पहिलं वर्गीकरण प्रयोगशाळेत झालेलं नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त लोणारबद्दल लिहिलं आहे, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद केली आहे. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत इथल्या खाराच्या प्रकारांची डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं सापडतात. म्हणजे खार काढणाऱ्यांनी माल वेगळा ओळखला होता आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. हे व्यवहाराचं वर्गीकरण. कोणता खार कशाला चालतो हे त्यातून कळतं, आत कोणतं मूलद्रव्य किती आहे हे कळत नाही.

असाच प्रकार दक्षिण अमेरिकेत घडला. आजच्या व्हेनेझुएलात मेरिदाजवळ लागुनियास नावाचं सोड्याचं तळं आहे. तिथले लोक तळाचा सोडा काढायचे आणि त्याला 'उराओ' म्हणायचे. सोड्याखालच्या चिखलात लांबट, टोकदार स्फटिक सापडायचे. त्यांना नाव होतं 'क्लावोस', म्हणजे खिळे. पंचविशीच्या घरातला फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यानं या खिळ्यांचं विश्लेषण केलं आणि १८२६ साली नवीन खनिज म्हणून त्यांचं वर्णन छापलं. वायूंचा नियम आपण ज्याच्या नावानं शिकतो, त्या गे-लुसाकच्या सन्मानार्थ नाव ठेवलं गेलुसाइट. खिळे वेगळे आहेत हे लोकांना आधीच माहीत होतं. बूसँगोनं भर घातली ती घटकांच्या प्रमाणाची.

आता हे प्रमाण बघा. सोडियम २, कॅल्शियम १, कार्बोनेट २ आणि पाण्याचे रेणू ५. वजनाच्या सुमारे ३० टक्के नुसतं पाणी! म्हणूनच ते हलकं आहे: घनता साधारण १.९९, तर कॅल्साइटची २.७१. काठिण्य २.५ ते ३, स्फटिकरचना एकनताक्ष. आधुनिक वर्गीकरणात ते सजल कार्बोनेटांत येतं. त्याची भावंडं लक्षात ठेवा. सोडियम, कॅल्शियम आणि कार्बोनेटचं प्रमाण तेच ठेवून पाण्याचे रेणू ५ ऐवजी २ केले की पिर्सोनाइट होतं, आणि पाणी अजिबात नसेल तर न्येरेराइट. म्हणजे इथे पाणी ही अशुद्धी नाही, तीच ओळख आहे.

आता मुख्य मुद्दा. लोणारच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढून भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी तो तपासला. त्यात सुमारे ११ हजार वर्षांची नोंद आहे. गेलुसाइटचे स्फटिक त्यात सगळीकडे सापडले नाहीत. ते मुख्यतः दोनच पट्ट्यांत सापडले: सुमारे ४६०० ते ३९०० आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. पाणी फार आटून क्षारता खूप वाढली की हे खनिज तयार होतं, म्हणून हे पट्टे म्हणजे दीर्घकाळ कमजोर राहिलेल्या पावसाची खूण, असा अर्थ २०१३ आणि २०१४ च्या शोधनिबंधांत लावला गेला.

पण ही खूण नाजूक आहे. गेलुसाइट साध्या पाण्यात हळूहळू विघटित होतं. सोडियम कार्बोनेट निघून जातं, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. कोरड्या हवेत ते स्वतःचं पाणीही गमावतं. समजा, गाळातलं मीठ घालवायला कुणी नमुना ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवत बसला, तर शेवटी एक्सआरडीत कॅल्साइट दिसेल. यंत्र बरोबर, आलेख बरोबर, आणि शेकडो वर्षांच्या दुष्काळाची खूण मोरीत!

उलटी फसगतही झाली आहे. जर्मनीत सांगरहाउझेनजवळ मातीत सापडणाऱ्या टोकदार कॅल्साइटला, ते मूळचं गेलुसाइट असावं अशा समजुतीनं, 'स्यूडोगेलुसाइट' म्हटलं जायचं. आकार जुळत होता ना! नंतर १९६०च्या दशकात ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डमध्ये इकाइट हे खनिज सापडलं. ते गोठणबिंदूजवळच्या थंड पाण्यातच टिकतं आणि तापमान वाढलं की कॅल्साइट होतं. अशा टोकदार खड्यांचा मूळ पदार्थ इकाइट होता, असं आता मानलं जातं. एकाच आकाराचा अर्थ खारट तळ्यावरून थंड पाण्यावर गेला.

तारखांबद्दलही एक सूचना. अशा निबंधांत 'वर्षांपूर्वी' हे १९५० सालापासून मोजतात. म्हणजे दुसरा पट्टा इ. स. १३५० च्या सुमारास संपतो. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात आणि दोन्ही गोष्टी जोडायचा मोह होतो. पण परंपरेनुसार दामाजीपंतांचा दुष्काळ पंधराव्या शतकातला. तारीख जुळत नाही, तर जोडायचं नाही.

म्हणून नमुना हातात आला की तीन गोष्टी वहीत लिहा: तो कशानं धुतला, किती तापमानाला वाळवला, आणि त्याआधी तसाच्या तसा एक तुकडा बाजूला काढून ठेवला का. मुलाखतीत 'गेलुसाइट म्हणजे काय' असं विचारलं तर रासायनिक सूत्र सांगाच. पण ते कोणत्या परिस्थितीत तयार होतं आणि कशानं नाहीसं होतं, हेही सांगा.