मोहाच्या दिवसांतला ईस्टर

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. पुढे या मिशनचं काम भंडाऱ्यातही सुरू झालं. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला 1999 मध्ये. आमच्या लहानशा मंडळीचं मूळ याच प्रेस्बिटेरियन कामात. गंमत अशी, की जुन्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांत ईस्टर पाळायची रीतच नव्हती. आमच्याकडे मात्र तोच मोठा सण.

21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार ईस्टरचा. म्हणजे ऐन मोह गळायचे दिवस. फुलं पहाटे वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. आणि उपासनाही पहाटेचीच! एका वर्षी पाळकांनी गैरहजर घरांबद्दल विचारलं. आजी उठून म्हणाली, "मोह का रविवार पायते जी? वरसाचं तेल-मीठ त्यावरच हाय."

प्रेस्बिटेरियन रीतीत कारभार एकट्या पाळकाचा नसतो, मंडळीनं निवडलेले वडीलही सोबत बसून ठरवतात. आमच्या वडिलांतले दोघं स्वतःच मोह वेचणारे. उपासना चारला ठरली. लोक कंदील घेऊन आले, गीतं गायली आणि टोपल्या उचलून थेट रानात गेले. प्रभुभोजन संध्याकाळी झालं.

1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमची मंडळीही त्यात आली, पाटी बदलली. आता पोरं नागपूर-रायपूरला असतात, मोहाला फार कोणी जात नाही. तरी ईस्टरला घरी आली की विचारतात, "उपासना चारलाच ना?"