‘क्रौर्यमुक्त’ आणि ‘सुरक्षित’ : प्रसाधनद्रव्यांच्या वेष्टनांवरील दोन विशेषणांचा इतिहास

१

त्वचेच्या प्रसाधनद्रव्यांच्या वेष्टनांवर ‘क्रौर्यमुक्त’ आणि ‘सुरक्षित’ ही दोन विशेषणे अलीकडे शेजारीशेजारी छापलेली आढळतात. पहिले प्राण्यांविषयी आहे, दुसरे वापरणाऱ्या मनुष्याविषयी. परंतु ती एकत्र आल्यामुळे एक विशेषण दुसऱ्याची ग्वाही देते, असा ग्राहकाचा समज होतो. इतिहास पाहता या समजाला आधार सापडत नाही. किंबहुना, आरंभी या दोन कल्पनांत विरोधच होता. मनुष्याच्या सुरक्षिततेची हमी मिळावी म्हणूनच प्राण्यांवरील चाचण्या रूढ झाल्या.

भाषेच्या अंगाने पाहिल्यास ही दोन्ही विशेषणे म्हणजे संक्षेपलेली वाक्येच होत. ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ या कर्मणि रचनेत कर्ता अध्याहृत आहे. चाचणी कोणी केली नाही, केव्हापासून केली नाही आणि कशाची केली नाही, तयार मालाची की त्यातील घटकद्रव्यांची, यांपैकी कशाचाही उल्लेख तीत नाही. तद्वतच ‘सुरक्षित’ या शब्दातून कोणासाठी, किती प्रमाणात आणि शरीराच्या कोणत्या भागावर, हे तिन्ही तपशील गळालेले असतात. वेष्टनावरील दाव्याची पारख करणे म्हणजे ही रिकामी स्थाने भरणे होय. ती कशी भरावीत याचे मार्गदर्शन या शब्दांच्या इतिहासातून मिळते.

२

१९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधांच्या शुद्धतेसंबंधी कायदा झाला. पण प्रसाधनद्रव्ये त्याच्या कक्षेबाहेर होती. १९३३ च्या सुमारास ‘लॅश लूर’ नावाचा पापण्या रंगविण्याचा एक रंग तेथे विकला जात असे. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन हे रंगद्रव्य होते. त्याच्या वापराने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. काहींची दृष्टी गेली आणि एका स्त्रीला मृत्यू आला. तरीही तो माल जप्त करण्याचा अधिकार शासनाला नव्हता. अन्न व औषध प्रशासनातील अधिकारी रूथ डी-फॉरेस्ट लॅम यांनी १९३६ साली ‘अमेरिकन चेंबर ऑफ हॉरर्स’ या पुस्तकात अशी उदाहरणे लोकांपुढे मांडली. १९३७ साली सल्फानिलामाइडच्या एका विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसे दगावली. या साऱ्याची परिणती १९३८ च्या नव्या कायद्यात झाली, आणि प्रसाधनद्रव्ये प्रथमच त्याच्या नियंत्रणाखाली आली.

या प्रकरणातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ज्या रंगद्रव्याने दृष्टी गेली, ते द्रव्य नाहीसे झाले नाही. केसांच्या कलपांत ते आजही वापरले जाते. युरोपीय संघात डोक्याच्या केसांसाठी त्याची कमाल मर्यादा २ टक्के आहे. भारतीय नियमांनुसार अशा कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा द्यावा लागतो : काही व्यक्तींच्या त्वचेला यामुळे दाह होऊ शकतो, म्हणून आधी थोडा लावून पाहावा, पापण्यांना व भुवयांना लावू नये, कारण तसे केल्यास अंधत्व येण्याचा संभव असतो. मराठी घरांतील कलपाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या या मजकुरात १९३३ च्या त्या घटनांचीच स्मृती टिकून आहे.

भाषादृष्ट्या हे इशारावाक्य दाव्याच्या नेमके उलट आहे. कोणाला, कोठे लावल्यास आणि काय होईल, ही तिन्ही स्थाने त्यात भरलेली आहेत. यावरून असे अनुमान निघते की, सुरक्षितता हा केवळ द्रव्याचा गुण नव्हे. द्रव्य, त्याचे प्रमाण आणि वापरण्याची जागा यांच्या परस्परसंबंधाचे ते नाव आहे.

३

१९३८ च्या कायद्याने प्राण्यांवर चाचणी करण्याची सक्ती केली नव्हती. परंतु इजा करणारा माल आता जप्त होऊ शकत होता, आणि त्यामुळे इजेचे मोजमाप करणारी काही पद्धत असणे आवश्यक झाले. त्याच प्रशासनातील जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली अशी पद्धत प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर द्रव्य घालावयाचे, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा, आणि पुढील काही दिवस डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची अपारदर्शकता, लाली, सूज व स्राव यांना गुण द्यावयाचे, अशी ती पद्धत होती. एकूण कमाल गुण ११० होते. वेदना हा या मापनाचा विषय नव्हता, म्हणून गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकानाही नव्हता.

ही पद्धत जवळजवळ जगभर प्रमाण मानली गेली. तथापि तिची विश्वसनीयता निर्विवाद नव्हती. वेल व स्काला या संशोधकांनी १९७१ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांतील निष्कर्षांची तुलना केली, तेव्हा एकच द्रव्य एका प्रयोगशाळेत सौम्य तर दुसरीत तीव्र ठरल्याचे दिसून आले. म्हणजे क्रौर्य पत्करूनही सुरक्षिततेची निश्चिती होत होती असे नाही. ‘प्राण्यांवर चाचणी केली नाही, म्हणजे माल धोक्याचा असणार’ हा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याचे उत्तर या निष्कर्षात बऱ्याच अंशी आहे.

४

‘क्रौर्य’ हा शब्द प्रसाधनांच्या संदर्भात रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटनमधील लेडी म्यूरिअल डाउडिंग यांच्याकडे जाते. त्यांनी १९५९ साली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही चळवळ सुरू केली. योगायोग असा की, त्याच वर्षी विल्यम रसेल व रेक्स बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी प्रायोगिक तंत्रावरील आपल्या ग्रंथात तीन तत्त्वे मांडली : प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरणे, प्राण्यांची संख्या घटविणे आणि त्यांच्या यातना कमी होतील अशी पद्धत योजणे. चळवळ नैतिक होती, ग्रंथ शास्त्रीय होता. परंतु दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले. ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ची भारतीय संस्था १९७४ साली पुण्यात स्थापन झाली आणि डायना रत्नागर यांनी तिचे नेतृत्व केले.

या संस्थांच्या परंपरेत ‘क्रौर्य’ या शब्दाची व्याप्ती मोठी होती. चाचणीबरोबरच प्राण्यांपासून मिळविलेली द्रव्येही तीत येत. पुढे व्यापारात शब्द रुळला तो मुख्यतः चाचणीपुरता. त्यामुळे आज एखाद्या ओष्ठरंगात कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग असूनही त्याला ‘क्रौर्यमुक्त’ म्हटले जाऊ शकते. उलट, एखाद्या मालात एकही प्राणिज द्रव्य नसेल, पण त्याच्या घटकाची चाचणी प्राण्यांवर झालेली असेल, हेही शक्य आहे. ही अर्थसंकोचाची प्रक्रिया लक्षात न घेतल्यास दोन भिन्न प्रश्न एकच मानले जातात.

या शब्दाला सार्वजनिक बळ आले ते १९८० साली. हेन्री स्पायरा यांनी रेव्हलॉन कंपनीला उद्देशून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली आणि सशांच्या डोळ्यांवरील चाचण्यांसंबंधी थेट प्रश्न विचारला. त्या वर्षअखेर कंपनीने पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला ७,५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. १९८१ साली जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात या विषयाला वाहिलेले केंद्र निघाले. स्पायरा यांच्या जाहिरातीत कर्ता नावानिशी आला होता, आणि तिचे सामर्थ्य बहुतांशी त्यातच होते.

५

यानंतर कायद्यांनी वाक्यातील रिकामी स्थाने क्रमाक्रमाने भरण्याचा प्रयत्न केला. युरोपीय संघाच्या २००३ च्या निदेशाने तयार मालाच्या चाचणीवर २००४ पासून आणि घटकद्रव्यांच्या चाचणीवर ११ मार्च २००९ पासून बंदी घातली. अशा चाचण्या झालेल्या मालाची विक्रीही ११ मार्च २०१३ पासून पूर्णतः निषिद्ध झाली. भारतात मे २०१४ मध्ये प्राण्यांवरील प्रसाधनचाचण्यांना बंदी झाली, आणि १३ नोव्हेंबर २०१४ पासून तशी चाचणी झालेल्या मालाची आयातही बंद झाली.

येथे एक तर्कप्रश्न उद्भवतो. जे सर्वांवर कायद्याने बंधनकारक आहे, ते एखाद्याने आपले वैशिष्ट्य म्हणून सांगावे काय? युरोपीय संघाच्या २०१३ च्या दाव्यांविषयीच्या विनियमाने याचे उत्तर नकारार्थी दिले आहे : कायद्याचे किमान पालन हा विशेष गुण म्हणून मिरवता येत नाही. भारतीय उत्पादक आपण प्राण्यांवर चाचणी करत नाही असे सांगतो, तेव्हा तोही एवढेच सांगत असतो की आपण कायदा मोडलेला नाही.

अमेरिकेत मात्र ‘क्रौर्यमुक्त’ या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नाही, हे तेथील अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे. एखाद्या कंपनीने स्वतः चाचणी न करता ती पुरवठादाराकडून करविली, तरी तिचे वाक्य शब्दशः खरेच राहते. काही देशांत तर चाचणी करणारे शासनच असे. चीनमध्ये आयात होणाऱ्या सर्वसाधारण प्रसाधनांना प्राणिचाचणीतून सशर्त सूट मिळाली ती १ मे २०२१ पासून. तोवर तेथील दुकानांत माल विकणाऱ्या परदेशी कंपनीला ‘आम्ही’ चाचणी करत नाही असे म्हणता येत असे, परंतु ‘कोणीही’ करत नाही असे म्हणणे कठीण होते.

युरोपातही प्रश्न संपलेला नाही. रसायनांच्या नोंदणीचा कायदा कारखान्यातील कामगारांच्या रक्षणासाठी काही चाचण्या मागतो. सूर्यकिरणांपासून रक्षण करणाऱ्या दोन द्रव्यांच्या बाबतीत, जी केवळ प्रसाधनांतच वापरली जातात, नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने अशा चाचण्यांची मागणी वैध ठरविली. वापरणाऱ्याची सुरक्षितता, कामगाराची सुरक्षितता आणि प्राण्याचे जीवित हे तीन पक्ष येथे एकमेकांसमोर उभे आहेत, आणि एका विशेषणात त्यांचा निवाडा सामावणे शक्य नाही.

काळाचे स्थान भरण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न १९९६ साली प्राणिरक्षक संघटनांनी स्थापिलेल्या ‘लीपिंग बनी’ या योजनेत दिसतो. जुनी घटकद्रव्ये कधी ना कधी कोणत्या तरी प्राण्यावर तपासली गेलीच आहेत, म्हणून ‘कधीही नाही’ असे म्हणणे बहुधा असत्य ठरते. या योजनेत कंपनी एक निश्चित तारीख ठरवते. त्या तारखेनंतर स्वतःकडून किंवा पुरवठादारांकडून चाचणी होणार नाही असे बंधन पत्करते, आणि स्वतंत्र तपासणी मान्य करते. कर्ता, काल व कर्म ही तिन्ही स्थाने येथे भरलेली आहेत. केवळ सशाचे चित्र छापण्यात आणि अशा चिन्हात हा भेद आहे.

६

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे वळू. त्याच्या जोडीला ‘-मुक्त’ या उत्तरपदाचे समास आज विपुल झाले आहेत. ‘रोगमुक्त’, ‘ऋणमुक्त’ या पंचमी तत्पुरुषांत पूर्वपद हे बंधन वा अनिष्ट असते, हे गृहीत धरलेले असते. ‘पॅराबेनमुक्त’ हा शब्द घडताच पॅराबेन अनिष्ट आहे, हे विधान पुराव्याशिवाय मान्य होऊन जाते. २००४ साली स्तनांच्या अर्बुदांत पॅराबेन आढळल्याचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परंतु त्यात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती, म्हणून कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नव्हता. तरीही अनेक उत्पादक मिथिलआयसोथायझोलिनोन या दुसऱ्या परिरक्षकाकडे वळले. परिणामी त्वचेच्या ॲलर्जीचे प्रमाण इतके वाढले की, अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली या द्रव्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरविले आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. एक घटक काढला, याचा अर्थ धोका काढला असा होत नाही.

याच्या उलट उदाहरण पाऱ्याचे आहे. पारा विषारी आहे हे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. भारतीय नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता अन्यत्र त्याचा अनवधानाने आलेला अंशही दशलक्षांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. तरीही केरळातील वैद्यकांनी २०२४ साली मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण नोंदविले, त्यांपैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरत होते. येथे नव्या चाचणीची उणीव नव्हती. ज्ञात नियमाच्या पालनाची आणि तपासणीची उणीव होती. असे मलम कोणत्याही सशावर तपासले गेले नसेल, आणि त्या अर्थाने ते क्रौर्यमुक्तही असेल.

पर्यायी चाचण्यांनी आता बरीच मजल मारली आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी त्वचेच्या थरावर दाह तपासण्याची पद्धत २०१० साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मार्गदर्शक म्हणून स्वीकारली. त्याआधी २००९ साली स्वीकारलेल्या एका पद्धतीत कत्तलखान्यातून आणलेले गुरांचे डोळे वापरले जातात. कायद्याच्या भाषेत ही जिवंत प्राण्यावरील चाचणी नव्हे. परंतु ‘क्रौर्य’ शब्दाचा १९५९ चा व्यापक अर्थ मानणारा वाचक तिला क्रौर्यमुक्त म्हणेल की नाही, हा प्रश्न खुला राहतो.

७

सारांश, या दोन विशेषणांपैकी कोणतेही एक दुसऱ्याचा पुरावा होऊ शकत नाही. ‘क्रौर्यमुक्त’ या दाव्यासमोर कोणी, कशाची आणि केव्हापासून, हे प्रश्न ठेवले पाहिजेत; शिवाय चाचणी अभिप्रेत आहे की प्राणिज द्रव्य, तेही विचारले पाहिजे. ‘सुरक्षित’ या दाव्यासमोर कोणासाठी, किती आणि कोठे, हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पुढील बाजूवरील ठळक विशेषणांपेक्षा मागील बाजूवरील घटकांच्या यादीत आणि सक्तीने छापलेल्या इशाऱ्यात अधिक सापडतात. दावा उत्पादक आपल्या इच्छेने लिहितो आणि इशारा त्याला लिहावा लागतो. कलपाच्या खोक्यावरील इशारा स्त्रियांच्या डोळ्यांची किंमत मोजून लिहिला गेला आहे. वाचणाऱ्याने अक्षरांच्या आकारावरून या दोहोंचे वजन ठरवू नये.