डिस्पोजलचा माल आणि लिंकन हाऊस

‘डिस्पोजल’ हा इंग्रजी शब्द दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे मराठीच होऊन गेला. डिस्पोजलची ब्लँकेटे, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचा ट्रक. लष्कराला नकोसा झालेला माल सरकार विकायला काढी, तो बाजारात येई आणि टिकाऊ म्हणून हातोहात खपे. या मालातला मोठा हिस्सा आपल्या सरकारचा नव्हताच, तो अमेरिकेचा होता, हे मात्र घेणाऱ्याच्या फारसे ध्यानात नसे.

ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी अमेरिकेने हिंदुस्थानात अफाट सामग्री आणून ठेवली होती. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि या सामानाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. जहाजांत भरून परत न्यावे तर भाडेच अंगावर येणार. शेवटी १६ मे १९४६ रोजी दोन्ही सरकारांमध्ये करार झाला, युद्धकाळातील देण्याघेण्याचा हिशेब मिटला आणि इथला शिल्लक अमेरिकी माल हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात आला.

असा माल अमेरिकेने देशोदेशी विकला. पण युद्धाने पिचलेले देश डॉलर कोठून देणार? ते आपल्याच चलनात पैसे द्यायला तयार होते आणि ते चलन अमेरिकेला घरी नेऊन उपयोगाचे नव्हते. सिनेटर फुलब्राइट यांनी यातून वाट काढली. हे पैसे त्या त्या देशातच ठेवायचे आणि त्यांतून विद्यार्थी-प्राध्यापकांची देवाणघेवाण करायची. १ ऑगस्ट १९४६ रोजी तसा कायदा झाला. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. त्यावर पंडित नेहरू आणि राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्या आहेत. ‘फुलब्राइट स्कॉलर’ म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, त्या शिष्यवृत्तीचे मूळ भांडवल असे जुन्या ट्रकांचे आणि तंबूंचे आहे.

सगळाच माल विकला गेला नाही. ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने अमेरिकेने उसनी दिलेली होती. ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची. तेव्हा कानपूरच्या तळावर त्यांची मुद्दाम मोडतोड करण्यात आली. इंजिनांत वाळूसुद्धा ओतली, असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्या मोडक्या सांगाड्यांतून जेमतेम उडण्याजोगी विमाने उभी केली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे नीट दुरुस्ती होऊन चाळीसहून अधिक लिबरेटर हवाई दलात आली आणि १९६८ पर्यंत चालली. दुसऱ्याने भंगार ठरवलेल्या मालावर इतकी वर्षे काढणे ही तुमच्या-आमच्या घरातलीच रीत म्हणायची!

मालाचे एक बरे असते. तो विकता येतो, उचलून नेता येतो, अगदीच नको असेल तर मोडता येतो. जमिनीचे यांतले काहीच करता येत नाही. त्यासाठी मुंबईत ब्रीच कँडीला जाऊ.

तिथे समुद्राकाठी वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा आहे. १९३० च्या दशकात क्लॉड बॅटली या वास्तुविशारदाने तो उभारला. संस्थाने गेल्यावर असे वाडे राखणे अवघड झाले. १९५७ मध्ये महाराजांनी तो ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने अमेरिकी सरकारला दिला. रक्कम अठरा लाख रुपये. वांकानेर हाऊसचे लिंकन हाऊस झाले आणि पुढची पन्नासेक वर्षे व्हिसासाठीची रांग ही या रस्त्याची ओळख होऊन बसली. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशातली वास्तू विकून आलेला पैसा परराष्ट्र खात्याला परदेशातल्याच दुसऱ्या वास्तूंसाठी वापरता येतो. त्यामुळे रिकामे घर सांभाळत बसण्यापेक्षा ते विकण्याकडे या खात्याचा कल असतो.

आल्टामाउंट रोडवरची वकिलातीची दुसरी इमारत, वॉशिंग्टन हाऊस, २०१२ मध्ये लोढा समूहाने घेतली आणि तिथे टोलेजंग इमारत उभी राहिली. लिंकन हाऊसचा सौदा २०१५ मध्ये पुण्याच्या सायरस पूनावाला यांच्याशी ७५० कोटींना ठरला. सौदा जाहीर झाला, पण घर हातात येईना. जमीन नक्की कोणाची, ही हरकत सरकारी खात्यांकडून निघाली आणि दहा वर्षे लोटली तरी व्यवहार अडकलेलाच राहिला. ९९९ वर्षे ऐकायला कितीही मोठी वाटली, तरी तो भाडेपट्टाच.

यात अमेरिकेवर काही खास अन्याय झाला, असे मला वाटत नाही. वकिलातीच्या आवारात यजमान देशाचे पोलीस विनापरवानगी शिरू शकत नाहीत, पण म्हणून ती जमीन परदेशाची होत नाही. परकीय वकिलातीला भारतात स्थावर घ्यायचे किंवा विकायचे असले, तर परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस यांची खरेदी तर साफ वर्ज्य. भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला, तानसेकाठच्या गरम कुंडांजवळ एखाद्या राजदूताला शेतघर घ्यावेसे वाटले, तरी त्याच्या सरकारचे नाव तिथल्या सातबाऱ्यावर चढायचे नाही. कुंडात स्नान करून परतावे, इतकेच.

लंडनमध्येही अमेरिकेला हा अनुभव आला. ग्रोव्हनर स्क्वेअरमधल्या दूतावासाखालची जमीन तिला कधी मालकीने मिळाली नाही. ती वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या घराण्याची. २००९ मध्ये अमेरिकेने विकला तो भाडेपट्टाच, कतारच्या कंपनीला. याच चौकात कॅनडाच्या सरकारचे मॅकडोनाल्ड हाऊस होते. कॅनडाने २०१३ मध्ये ते विकायला काढले, तेव्हा तीस कोटी पौंडांहून अधिक मोजून ते घेणारे होते मुंबईचेच लोढा.

आणि आता लंडनमध्ये महाराष्ट्र शासनाचेही घर आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर राज्याने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे स्मारक झाले, पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. मग अपील, जाहीर सुनावणी, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि आपले वकील. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी परवानगी दिली, तेव्हा कुठे स्मारकाच्या दाराला कुलूप लागण्याची भीती टळली.